किल्ली घडविली कीं सांपडली?

आपल्या मराठी भाषेंत 'शोध' हा एकच शब्द दोन अगदीं भिन्न गोष्टींकरितां चालतो. कोलंबसानें अमेरिकेचा शोध लावला असें आपण म्हणतों, आणि एडिसननें फोनोग्राफचा शोध लावला असेंही म्हणतों. अमेरिका कोलंबसापूर्वीं होतीच. फोनोग्राफ एडिसनपूर्वीं नव्हता. इंग्रजी भाषेनें ह्या दोन क्रियांस दोन निराळे शब्द ठेवले आहेत. आपल्याकडील पंडितांनींही असे भेद करून पाहिले; पण लोकांच्या तोंडीं 'शोध'च राहिला. मात्र मराठीचें हें दारिद्र्य वरवरचें आहे. नामांत जो भेद तिनें केला नाहीं तो क्रियापदांत केला आहे. 'शोध लागला' असें आपण म्हणतों, तसें 'शोध लावला' असेंही म्हणतों. पहिल्या प्रयोगांत कर्त्याचा पत्ताच नसतो. वस्तु होती, ती आढळली, एवढेंच. दुसऱ्यांत कर्ता हक्कानें पुढें येऊन उभा राहतो. पुष्कळ दिवस ह्या भेदाकडे मी व्याकरणांतील एक गंमत म्हणून पाहत होतों. परंतु एका औषधाचा इतिहास वाचल्यापासून माझी खात्री झाली आहे कीं, 'लागला' आणि 'लावला' ह्यांतील एका अक्षराच्या फरकावर हजारों माणसांचें जगणें अवलंबून राहूं शकतें.

त्या औषधाचें नांव इमॅटिनिब. बाजारांत तें ग्लिव्हेक म्हणून आलें. क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया नांवाचा रक्ताचा एक कर्करोग आहे, त्यावर तें देतात. ह्या रोगांत अस्थिमज्जेंतून पांढऱ्या पेशी बेसुमार निर्माण होऊं लागतात. पहिलीं कांहीं वर्षें रोगी हिंडताफिरता असतो. पुढें रोग एकाएकीं उग्र रूप धरितो, आणि मग पूर्वींच्या काळीं फारसा अवकाश उरत नसे. १९६० सालीं फिलाडेल्फिया शहरांत पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड ह्या दोघांस अशा रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमींपेक्षां आंखूड दिसलें. नोवेल ह्यांस गुणसूत्रें स्पष्ट दिसूं लागलीं तीही एका योगायोगानें. कांचपट्ट्या त्यांनीं नळाच्या साध्या पाण्यानें धुतल्या. त्या पाण्यानें पेशी फुगल्या आणि आंतील गुणसूत्रें मोकळीं पसरलीं. 'शोध लागला' म्हणतात तो असा! पुढें १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली ह्यांनीं दाखवून दिलें कीं, तें गुणसूत्र नुसतें तुटलेलें नाहीं. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनीं आपापले तुकडे एकमेकांशीं बदलले आहेत. ह्या बाईंनीं गुणसूत्रांचीं छायाचित्रें कातरून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून हा हिशेब जुळविला. मुलें जेवावयास येतील म्हणून तो पसारा किती वेळां आवरावा लागला असेल, हें इतिहासानें लिहून ठेविलेलें नाहीं.

ह्या अदलाबदलीनें जें जनुक तयार होतें, त्यापासून बीसीआर-एबीएल नांवाचें एक जोडप्रथिन निर्माण होतें, हें पुढील दहा-पंधरा वर्षांत अनेक प्रयोगशाळांनीं मिळून ठरविलें. एबीएल हें प्रथिन आपणां सर्वांच्या शरीरांत आहे. त्याचें काम निरोप्याचें. एटीपी नांवाच्या रेणूपासून फॉस्फेटाचा एक गट उचलावयाचा आणि तो दुसऱ्या प्रथिनावर नेऊन चिकटवावयाचा, म्हणजे पेशीला वाढण्याचा हुकूम मिळतो. निरोगी पेशींत हा निरोप्या बहुतेक वेळ स्वस्थ असतो. बीसीआरची शेपटी जोडली गेली कीं त्याला स्वस्थता उरत नाहीं. रात्रंदिवस तो एकच हुकूम देत सुटतो. १९९० सालीं हें एकच जनुक उंदरांच्या मज्जेंत घातलें असतां त्यांस मनुष्याच्या रोगासारखाच रोग जडला. शंभर कारणांच्या गर्दींत एक खरा अपराधी हातीं लागावा, असें कर्करोगांत क्वचितच घडतें. येथें तें घडलें.

आतां अपराधी सांपडला तर त्याचें तोंड बंद कसें करावयाचें? एमिल फिशर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८९४ सालींच एंझाइमाला कुलुपाची व त्यांत बसणाऱ्या पदार्थाला किल्लीची उपमा दिली होती. निरोप्याच्या अंगांत जेथें एटीपी येऊन बसतो तेथें एक खळगा आहे. त्या खळग्यांत दुसरा एखादा लहानसा रेणु अडकवून ठेवला तर एटीपीला जागा राहणार नाहीं आणि निरोप आपोआप थांबेल. ही किल्ली कुलूप उघडण्याकरितां नव्हे, तर कुलुपाचें भोंक बुजविण्याकरितां. अडचण एवढीच कीं, मनुष्याच्या शरीरांत असे निरोपे सुमारें पांचशें आहेत आणि एटीपीचा खळगा सर्वांचा जवळजवळ सारखा. एकाचें भोंक बुजवावयास जावें तर सर्वांचींच बुजतील व रोगी औषधानेंच मरेल, असें पुष्कळ जाणत्यांचें मत होतें.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरांत सीबा-गायगी ह्या कंपनींत अलेक्स मॅटर व निकोलस लायडन ह्यांच्या मंडळींनीं हें काम हातीं घेतलें. रसायनाची बाजू युर्ग झिमरमान ह्यांनीं संभाळिली. सुरुवातीचा रेणु त्यांस मिळाला तो दुसऱ्याच एका एंझाइमाला थोडाफार अडविणारा म्हणून. त्याच्या अंगावर एका विशिष्ट जागीं झिमरमान ह्यांनीं एक मेथिल गट बसविला, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, इतकेंच. आणि त्या रेणूनें जुन्या एंझाइमाचा नाद साफ सोडून दिला. मग तो पाण्यांत विरघळावा म्हणून दुसरी एक शेपटी जोडली. अशा एकामागून एक रेणूंतून शेवटीं जो निघाला त्यांत अणु अवघे अडुसष्ट. अमेरिकेंतील ऑरेगन येथील डॉक्टर ब्रायन ड्रकर ह्यांनीं तो ह्या रोगाच्या पेशींवर घालून पाहिला. रोगट पेशी मेल्या, निरोगी बव्हंशीं वांचल्या. १९९६ सालीं हें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं सीबा-गायगी व सँडोझ एकत्र होऊन नोव्हार्टिस ही कंपनी झाली, आणि ह्या रोगाचे रोगी जगांत थोडे, मग गिऱ्हाइकें कोठून मिळणार, ह्या विचारांत औषध कांहीं काळ अडलें. ड्रकर ह्यांनीं पिच्छा सोडला नाहीं. १९९८ च्या जूनमध्यें पहिल्या रोग्यास गोळी दिली गेली. ३०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या पहिल्या ५४ रोग्यांपैकीं ५३ जणांचें रक्त पूर्ववत् झालें. अशी बातमी वाचून माझ्यासारख्या संशयी माणसालाही क्षणभर हात जोडावेसे वाटतात.

आणि येथेंच प्रश्न उभा राहतो. ही किल्ली घडविली, कीं सांपडली?

घडविली म्हणणाऱ्याची बाजू सबळ आहे. हा रेणु झिमरमान ह्यांच्यापूर्वीं जगांत कोठेंही, ज्ञात असा, नव्हता. तो कोणत्या झाडाच्या सालींत नव्हता, बुरशींत नव्हता, समुद्राच्या तळाशीं नव्हता. लहान आकाराचे असे किती निरनिराळे रेणु घडवितां येतील ह्याचा एक अंदाज वारंवार सांगितला जातो, तो एकावर साठ शून्यें इतका. त्या अफाट शक्यतांतून अडुसष्ट अणूंची ही एक मांडणी वास्तवांत आणणें ह्याला 'आढळणें' म्हणावें तर कवितेलाही शब्दकोशांत आढळलेली म्हणावें लागेल.

पण सांपडली म्हणणाराही निरुत्तर होत नाहीं. किल्लीचा प्रत्येक दांता कुलुपानें ठरविलेला असतो. कवीला दुसरा शब्द योजण्याची मुभा आहे. झिमरमान ह्यांनीं मेथिल गट दोन घरें पलीकडे बसविला असता तर तो बसविण्यांत अर्थ उरला नसता. कुलूप निसर्गाचें, रोगाचें, रोग्याचें. शिवाय ह्या प्रकरणांत एक मोठी नम्र करणारी गोष्ट आहे. हा रेणु एबीएलच्या खळग्यांत नेमका कसा बसतो हें न्यूयॉर्कच्या जॉन कुरियन ह्यांच्या प्रयोगशाळेनें स्फटिकाचें चित्र काढून दाखविलें तें २००० सालीं, म्हणजे रोगी बरे होऊं लागल्यानंतर. त्यांत असें दिसलें कीं, निरोप्या जेव्हां क्षणभर मिटलेला असतो तेव्हांच हा रेणु आंत शिरतो आणि त्याला तसाच मिटलेला धरून ठेवितो. उघडलेल्या स्थितींत सर्व निरोपे सारखे दिसतात. मिटलेल्या स्थितींत प्रत्येकाची घडी बरीच निराळी. निवडकपणाचें रहस्य बव्हंशीं हेंच. म्हणजे किल्ली कां बसते, हें किल्ली घडविणारांना ती बसल्यानंतर कळलें. विहीर खणणारानें जागा विचारपूर्वक निवडिली, घाम गाळिला, दगड फोडिला, हें सर्व खरें. पण पाणी त्यानें निर्माण केलें असें कोणी म्हणत नाहीं.

मला स्वतःला वाटतें तें असें. औषधाचा रेणु हा विहिरीसारखा आहे. खोदकाम माणसाचें, झरा माणसाचा नव्हे. आणि पाणी जें वर येतें त्यांत किती खोदकामाचें व किती झऱ्याचें हें वेगळें काढतां येत नाहीं. म्हणून खोदणाराला कांहीं काळ पाण्याचें मोल घेऊं देणें न्यायाचें आहे. मात्र तो हक्क खोदकामाच्या मापाचा असावा, झऱ्याच्या मापाचा नव्हे. आणि एकदां खोदलेल्या विहिरीचा कांठ नव्यानें बांधून 'ही नवी विहीर' असें त्यानें म्हणूं नये. हें शेवटचें वाक्य मीं उगाच लिहिलेलें नाहीं. भारतांत खटला झाला तो नेमका कांठाचाच.

झिमरमान ह्यांच्या मूळ रेणूचें पेटंट अमेरिकेंत १९९६ सालीं मिळालें. भारतांत तें मिळणें शक्यच नव्हतें, कारण १९७० च्या आपल्या कायद्यानें औषध ह्या वस्तूवर पेटंट देण्याचें बंद केलें होतें. जागतिक व्यापाराच्या करारानें १९९५ नंतर तें पुन्हां देणें भाग पडलें व त्याप्रमाणें २००५ सालीं कायदा बदलला. कंपनीनें १९९८ सालीं चेन्नईस जो अर्ज केला तो मूळ रेणूचा नव्हता. इमॅटिनिबाच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा नांवाच्या एका स्फटिकरूपाचा होता. २००३ सालीं कंपनीस कांहीं काळ एकटीनें विकण्याचा हक्क मिळाला. त्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारें एक लाख वीस हजार रुपये. येथील कारखाने तेंच औषध आठ-दहा हजारांत देत. ह्या अर्जास हरकत घेणारांत औषधाचे कारखानदार होते, त्यांत नवल नाहीं. पण त्यांच्याबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रोग्यांस मदत करणारी संस्थाही होती. २००६ सालीं अर्ज फेटाळला गेला आणि तेथून सात वर्षें प्रकरण चालून १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति आफताब आलम व न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई ह्यांनीं कंपनीविरुद्ध निकाल दिला.

कायद्याचें कलम ३ (डी) सांगतें कीं, माहीत असलेल्या पदार्थाचें नवें रूप हा नवा शोध नव्हे; तें रूप मूळ पदार्थाहून अधिक गुणकारी असेल तरच त्यास शोध म्हणावें. कंपनीचें म्हणणें, बीटा रूप अधिक टिकाऊ आहे, दमट हवेंत कमी ओलें होतें, गोळ्या करावयास सोईचें आहे, शिवाय मूळ इमॅटिनिबापेक्षां तीस टक्के अधिक प्रमाणांत रक्तांत उतरतें. न्यायालयानें विचारलें, त्यामुळें रोगी अधिक बरा होतो काय? गुण म्हणजे रोगावरील गुण. कारखान्याची सोय हा गुण नव्हे. आणि रक्तांत अधिक उतरल्यानें रोग अधिक हटतो असा पुरावा समोर नव्हता.

हा निकाल कायद्याच्या परिभाषेंत आहे, पण आंत तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे: वस्तूचें रूप बदललें तर वस्तु बदलली काय? कोळसा आणि हिरा दोन्ही एकाच कार्बनाचीं रूपें, आणि त्यांस एकच वस्तु म्हणण्याचें धाडस कोणी सोनार करणार नाहीं. तेव्हां 'स्फटिकरूप म्हणजे कांहींच नव्हे' असें सरसकट म्हणणें अडाणीपणाचें होईल. परंतु हिरा हिरा म्हणूनच वापरला जातो. गोळीचें तसें नाहीं. गोळी पोटांत गेली, विरघळली, कीं स्फटिक संपला. बीटा काय आणि दुसरें कोणतें रूप काय, निरोप्याच्या खळग्यापर्यंत पोंचतो तो तोच अडुसष्ट अणूंचा रेणु. कुलुपाला स्फटिक माहीतच नाहीं. ज्या वस्तूचें सारें महत्त्व कुलुपांत बसण्यांत आहे, तिचें नवेपण कुलुपाच्या दाराशीं मोजावें, डबींत मोजूं नये. न्यायालयाचा निकाल मला पटतो तो ह्या कारणानें. केवळ औषध स्वस्त झालें म्हणून नव्हे.

येथें कोणी वाचक म्हणेल कीं, कंपनी इतकी निष्ठुर होती कोठें? ती तर औषध फुकट वाटत होती! हें खरें आहे, व तें झाकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. निकालाच्या वेळीं कंपनीनें सांगितलें कीं, भारतांत सोळा हजारांवर रोग्यांस आपण हें औषध दान देत आहों, आणि ज्यांस तें लिहून दिलें जातें त्यांतील बहुतेक सर्वांस तें तसेंच मिळतें. मग तक्रार कसली? ह्या आक्षेपानें मला बरेच दिवस अडविलें. पोट भरलेल्या माणसानें अन्न दानाचें होतें कीं विकतचें ह्याची चिकित्सा कां करावी?

पण रोज एक गोळी, जन्मभर, अशी ही गोष्ट आहे. सणावारीं कोणी पक्वान्न वाढलें तर आपण आनंदानें घेतों. परंतु रोजची भाकर दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणें निराळें. दान देणारा आज देतो. उद्यां नियम बदलील, उत्पन्नाचा दाखला मागेल, नांव यादींतून गाळील, आणि त्याला जाब विचारण्याची सोय नाहीं, कारण जाब हक्काला विचारतां येतो, कृपेला नाहीं. शिवाय दान आणि एक लाख वीस हजार ही किंमत हीं दोन्ही एकाच हातानें ठरविलेलीं होतीं. जो किंमत इतकी ठेवितो कीं जवळजवळ कोणालाच ती परवडूं नये, आणि मग जवळजवळ सर्वांनाच दान देतो, त्याच्या दानांत औदार्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. तें देणाऱ्या माणसांत तरी निश्चित असेल. पण अशा व्यवस्थेंत रोगी हा गिऱ्हाईकही नसतो आणि नागरिकही नसतो. तो आश्रित असतो. मुंबईची संस्था भांडली ती, माझ्या मतें, ह्या आश्रितपणाशीं.

तथापि आपली बाजू जिंकली म्हणून विरुद्ध बाजूचा सर्वांत टोंचणारा मुद्दा विसरूं नये. तो असा: बाझलमध्यें वर्षानुवर्षें पैसा घालून, फसलेल्या शेंकडों रेणूंचा खर्च सोसून एकानें किल्ली घडविली, आणि हैदराबाद-मुंबईच्या कारखान्यांनीं ती पाहून तशीच दुसरी केली. आयत्या बिळावर नागोबा! ह्या टोमण्याला 'औषध स्वस्त झालें' हें उत्तर नव्हे. चोरीचा माल नेहमींच स्वस्त असतो.

उत्तर द्यावयाचें तर बीळ कोणीं खणलें हें पाहिलें पाहिजे. आंखूड गुणसूत्र, त्याची अदलाबदल, जोडप्रथिन, उंदरांवरील प्रयोग हीं तीस वर्षांचीं कामें मुख्यतः विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत झालीं. कंपनी बिळांत शिरली तेव्हां बीळ अर्धें खणलेलें होतें. १९९८ नंतर जे रोगी प्रयोगांत दाखल झाले त्यांनीं आपलें शरीर त्यांत घातलें. आणि खर्चाचें म्हणाल तर २००१ सालीं अमेरिकेंत ह्या औषधाची वर्षाची किंमत सुमारें तीस हजार डॉलर होती, ती २०१२ पर्यंत ब्याण्णव हजारांवर गेली. खर्च तर आरंभींच होऊन गेलेला; मग किंमत तिप्पट कां व्हावी? २०१३ सालीं जगांतील ह्या रोगाच्या शंभरावर तज्ज्ञांनीं 'ब्लड' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत ह्या किंमतींचा उघड निषेध केला, आणि त्यांत स्वतः ड्रकर होते. भारताला नागोबा म्हणणारांनीं हें नांव वाचावें.

इतकें बोलूनही मी आपल्याला पूर्ण निर्दोष ठरवूं शकत नाहीं. स्फटिकाचा हक्क कंपनीस नाकारला तें योग्य. पण खरी जी घडण, तो अडुसष्ट अणूंचा रेणु, त्याचें मोल भारतानें कोणत्या रूपानें दिलें? कायद्यानें देणें लागत नव्हतें, हें उत्तर वकिलाचें झालें. बाझलच्या खोदकामाचें कांहीं ऋण आपल्याकडे निघतें असें मला वाटतें. तें त्या कंपनीच्या तिजोरींत भरून फिटेल असें नाहीं. दुसऱ्या कोणत्या रोगाची किल्ली आपल्या देशानें आपल्या खर्चानें घडवून जगापुढें ठेवली तर कदाचित् फिटेल. त्या दृष्टीनें पाहिलें तर आपले कारखाने नकल करण्यांत जितके तरबेज आहेत तितके घडविण्यांत नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. अमेरिकेंतील पेटंटाची मुदत सरल्यावर २०१६ च्या फेब्रुवारींत तेथें पहिलें स्वस्त इमॅटिनिब विकावयास आणलें तें मुंबईच्या सन फार्मानें. ह्याचा अभिमान जरूर वाटावा. पण तो सुताराचा अभिमान आहे, खोदणाराचा नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक ह्या औषधाबद्दल ड्रकर, लायडन व चार्ल्स सॉयर्स ह्यांस मिळालें. २०१२ चें जपान पारितोषिक राउली, ड्रकर व लायडन ह्यांस. तो मेथिल गट बसविणारे झिमरमान दोन्ही याद्यांत नाहींत. 'शोध लावला' ह्या क्रियापदाला कर्ता लागतो खरा, पण तो कोण हें ठरवितांना जग कुलूप ओळखणारास आणि किल्ली फिरविणारास पाहतें; कानस चालविणारा कोपऱ्यांत राहतो. पेटंट कंपनीचें, मान डॉक्टरांचा.

सॉयर्स ह्यांचें नांव आलें तें मात्र निराळ्या कारणानें. कांहीं रोग्यांत औषध प्रथम लागू पडे आणि मग एकाएकीं लागेनासें होई. २००१ सालीं सॉयर्स ह्यांच्या प्रयोगशाळेनें त्याचें कारण दाखविलें. प्रथिनाच्या ३१५ व्या जागेवर थ्रिओनीन असतें, तेथें आयसोल्यूसीन येऊन बसलें होतें. तेवढ्या बदलानें खळग्याच्या तोंडाशीं एक दगड उभा राहतो आणि किल्ली आंत जात नाहीं. कुलूपच बदललें! ह्या बदललेल्या कुलुपाला बसणारें पोनॅटिनिब अमेरिकेंत मान्य व्हावयास २०१२ साल उजाडावें लागलें. मधल्या अकरा वर्षांत दुसऱ्याही किल्ल्या निघाल्या, डॅसॅटिनिब व निलोटिनिब. पण ह्या एका बदलापुढें त्याही चालत नव्हत्या. आणि त्या शंभर तज्ज्ञांनीं निषेध केला त्या वेळीं ह्या तिन्ही नव्या औषधांची अमेरिकेंतील वार्षिक किंमत प्रत्येकीं एक लाख डॉलरांच्या वर होती. ज्या रोग्याच्या पेशींत ३१५ व्या जागेवर आयसोल्यूसीन आलें, त्याला १ एप्रिल २०१३ च्या निकालानें स्वस्त राहिलेली गोळी हातांत असून नसल्यासारखी होती. त्याचें कुलूप दुसरें होतें, आणि त्याची किल्ली कोणाच्या खर्चानें घडवावयाची हा प्रश्न त्या निकालापुढें आलाच नव्हता.